एक विमान, दोन नंबर!

एम.एस.ला निघालेल्या एखाद्या सीनियरचं तिकीट कधी नीट पाहिलंय? तिकीट एका कंपनीचं आणि विमान भलत्याच कंपनीचं! घाबरू नका, छपाईची चूक नाही ती. याला म्हणतात कोड-शेअरिंग. विमान एक कंपनी उडवते आणि त्यातल्याच काही सीट्स दुसरी कंपनी आपल्या फ्लाइट नंबरवर विकते. प्रवाशाचीही सोय होते, कारण एकाच तिकिटावर दोन-तीन विमानं बदलता येतात.

मग सरकार यात का पडतं? समजा, दोन गावांमध्ये फक्त दोनच बसवाले आहेत. ते एकमेकांची तिकिटं विकू लागले तर ठीक. पण भाडंही दोघांनी बसून ठरवलं तर? स्पर्धा संपली! म्हणून भाडं आणि वेळापत्रक मिळून ठरवायचं असेल, तर अमेरिकेत परिवहन खात्याकडून स्पर्धा-कायद्यातून खास सूट घ्यावी लागते. १९९२ साली नेदरलँड्सने अमेरिकेशी 'ओपन स्काइज' करार केला आणि पाठोपाठ के.एल.एम. व नॉर्थवेस्ट यांना अशी सूट मिळाली. थोडक्यात सरकारचा हिशोब असा: आधी तुमचं आकाश खुलं करा, मग सूट मागा.

खरी गंमत झाली ती लंडनच्या हीथ्रो विमानतळावर. १९७७ च्या 'बर्म्युडा २' करारामुळे हीथ्रो ते अमेरिका या मार्गांवर मोजक्याच कंपन्यांना परवानगी होती. डेल्टा, काँटिनेंटल वगैरे मंडळींना गॅटविकवर समाधान मानावं लागे. त्यात हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, म्हणजे 'स्लॉट', सोन्याच्या भावाचे. अशा ठिकाणी ब्रिटिश एअरवेज आणि अमेरिकन एअरलाइन्स या दोन बड्या स्पर्धकांनी हातमिळवणीचा घाट घातला. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकन सरकारने अट घातली, की आठवड्याचे २२४ स्लॉट इतरांना सोडा. म्हणजे रोजच्या १६ फेऱ्या! कंपन्यांनी सरळ माघार घेतली.

पुढे मार्च २००८ मध्ये युरोप-अमेरिका ओपन स्काइज करार लागू झाला आणि हीथ्रोचं दार इतरांनाही उघडलं. २०१० साली त्याच जोडीला मंजुरी मिळाली आणि स्लॉटच्या फक्त चार जोड्या सोडायला सांगण्यात आलं. अट अशी सैल का झाली? कारण आता नवे स्पर्धक हीथ्रोवर येऊ शकत होते.

विमानतळांनाही हाच न्याय लागला. हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड हे तिन्ही बी.ए.ए. या एकाच कंपनीचे होते. मालकच एक, तर स्पर्धा कुणाशी? २००९ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने विक्रीचा आदेश दिला. त्याच वर्षी गॅटविक विकला गेला आणि कोर्टकचेऱ्या होऊन २०१३ मध्ये स्टॅनस्टेडही.

तेव्हा मित्रांनो, नंबर किती आहेत ते मोजू नका. त्या मार्गावर खऱ्या अर्थाने वेगळ्या कंपन्या किती, ते मोजा. स्क्रीनवर चार फ्लाइट दिसतात आणि धावपट्टीवर विमान एकच असतं! तिकीट काढण्याआधी 'प्रत्यक्ष उड्डाण कोणाचं' ही बारीक अक्षरातली ओळ तेवढी नक्की वाचा.