जमिनीच्या दाव्यांतील पुरावा : तो कसा जमवावा व कसा मांडावा

शेत नांगरानें व खतानें राखलें जातें, तसें तें कागदानेंहि राखलें जातें. पण नांगराची जितकी निगा आपण घेतों तितकी कागदाची घेत नाहीं. दावा उभा राहिला म्हणजे ट्रंका उपसल्या जातात, आणि आजोबांच्या वेळची पावती कसरीनें खाल्लेली हातीं येते. अशा वेळीं हळहळून उपयोग नसतो. म्हणून दिवाणी दाव्यांत पुरावा म्हणून काय चालतें, तें कोठून मिळवावें व कोर्टापुढें कसें ठेवावें, याचा विचार आधींच करून ठेवणें प्रत्येक खातेदाराच्या हिताचें आहे.

सावंतवाडी तालुक्यांतील आंबोली, गेळे व चौकुळ या गांवांचें उदाहरण या बाबतींत फार बोधप्रद आहे. सावंतवाडी संस्थानच्या अमदानीपासून येथील बरीचशी जमीन 'कबुलायतदार गांवकर' या नांवानें लागलेली होती. कबुलायत म्हणजे ठराविक सारा भरण्याचें लेखी कबूल. तें देऊन गांवकर मंडळी पिढ्यान् पिढ्या जमीन सामाईकपणें वहिवाटीत आलीं. १९९९ सालीं मात्र गांवच्या दप्तरांतील ही नोंद जाऊन त्या जागीं 'महाराष्ट्र शासन' असें नांव लागलें. कसणारा तोच, बांध तेच, नाचणी व भात पिकविणारे हात तेच. पण सातबाऱ्यावर मालक दुसरा. पुढें शासनानें या जमिनी वांटून देण्याच्या दिशेनें पाउलें टाकलीं, तेव्हां दुसरा प्रश्न उभा राहिला : गांवकर कोण, कोणाचा हिस्सा किती, आणि तें कशावरून? या दोन्ही प्रश्नांचें उत्तर शेवटीं पुराव्यावरच अवलंबून आहे.

आतां प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, सिद्ध करण्याचा भार कोणावर असतो. जो कोर्टास सांगतो कीं अमुक गोष्ट आहे म्हणून मला हक्क द्या, त्यानेंच ती गोष्ट शाबीत करावयाची असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ याच्या कलम १५७ प्रमाणें हक्कनोंदणींतील नोंद, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, खरी धरली जाते. म्हणून ज्याचें नांव सातबाऱ्यावर नाहीं त्याच्या डोक्यावर भार अधिक. पण येथें निराश होण्याचें कारण नाहीं. फेरफाराची नोंद सारा वसुलीच्या सोयीसाठीं असते, तिनें मालकी उत्पन्नहि होत नाहीं आणि नाहींशीहि होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. तात्पर्य, सातबारा ही वाटेंतली पायरी आहे, तेथेंच मुक्काम नव्हे.

दुसरी गोष्ट अशी कीं, दाव्याच्या अर्जांत जें सांगितलें नाहीं त्याचा पुरावा कोर्ट ऐकत नाहीं. पुष्कळ शेतकरी वकिलाकडे जाऊन "सगळें कागदांत आहे" असें म्हणतात आणि मोकळे होतात. तसें करूं नये. आपली हकीकत कोणत्या सालापासून, कोणाकडून, कोणत्या हक्कानें, हें स्वतः एका कागदावर क्रमवार लिहून न्यावें. तिच्यांत परस्परविरोध नसावा. उदाहरणार्थ, "आम्ही कबुलायतीनें धारण करतों" आणि "आम्ही सरकारी जमिनींत इतकीं वर्षें बिनहरकत घुसून आहोंत" हे दोन पवित्रे एकदम चालत नाहींत; दुसऱ्यांत मालक सरकार आहे हें कबूल केल्यासारखें होतें. शिवाय सरकारविरुद्ध केवळ ताब्याच्या जोरावर हक्क सांगण्यास तीस वर्षांचा अखंड व उघड विरोधी ताबा लागतो. खासगी माणसाविरुद्ध बारा वर्षें पुरतात. अतिक्रमणाचा दंड भरल्याची पावती आपल्या पेटींत असेल, तर ती कोणत्या बाजूनें बोलेल याचा विचार आधीं करावा. गैरसोयीचा कागद लपवूं नये. प्रतिपक्ष तो आणतोच, आणि मग आपल्या इतर खऱ्या कागदांवरचाहि विश्वास जातो.

कागद कोणते व कोठें मिळतात हें आतां पाहूं. या भागाची एक खास अडचण आहे. सावंतवाडी संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, मग हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांत गेला, आणि १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला. म्हणून एकाच शेताचे कागद तीन अमदानींच्या दप्तरांत विखुरलेले असूं शकतात. तालुका कचेरींत मिळालें नाहीं म्हणजे कागदच नाहीं, असें समजूं नये. जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षांत व पुराभिलेख खात्याकडेहि शोध करावा.

घरच्या व दप्तरच्या कागदांची यादी साधारण अशी करावी :

(१) सातबारा व आठ-अ उतारे, केवळ आजचे नव्हेत तर जितके मागचे मिळतील तितके, सालवार. (२) गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराच्या नोंदी, प्रत्येक नोंद कोणाच्या वर्दीवरून व कोणास नोटीस देऊन झाली हें पाहण्यासाठीं. (३) कबुलायत, सनद, संस्थानी हुकूम यांच्या नकला. (४) शेतसाऱ्याच्या पावत्या. (५) मोजणीचा नकाशा, टिपण व गुणाकार पुस्तकाची नक्कल. (६) खरेदी, गहाण, वांटणी यांचे दस्त. (७) सोसायटीच्या पीककर्जाचे कागद, वीजजोडणीची पावती, घरपट्टी. (८) जन्ममृत्यूच्या नोंदी व शाळेच्या दाखल्यांतील नांवें.

सरकारी दप्तराची खरी नक्कल, म्हणजे सहीशिक्क्याची नक्कल, अर्ज व फी देऊन मिळते आणि ती मूळाऐवजीं कोर्टांत चालते. अधिकारी कागद दाखवीत नसल्यास माहितीचा अधिकार अधिनियम २००५ याखालीं अर्ज करावा. कागद उपलब्ध नाहीं असें उत्तर आल्यास तेंहि जपून ठेवावें. कारण मूळ हरवलें आहे हें दाखविल्यावांचून कोर्ट दुय्यम पुरावा घेत नाहीं. खासगी दस्ताची मात्र झेरॉक्स पुरत नाहीं. मूळ दस्तच हजर करावा लागतो.

तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून आलेला असेल, तर त्यावरील सही व अक्षर ज्याचें म्हणून दिसतें त्याचेंच आहे असें कोर्ट गृहीत धरूं शकतें. जुन्या साक्षीच्या कायद्यांतील हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ यांतहि कलम ९२ मध्यें कायम आहे. 'योग्य ठिकाण' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो कागद ज्या घरांत असावयास पाहिजे तेथूनच तो यावा. म्हणून जुने कागद भाऊबंदांत हातोहात फिरवूं नयेत; कोणाच्या पेटींतून निघाला हें सांगतां आलें पाहिजे. कागद मोडींत असेल तर त्यावर पेन्सिलीनेंहि खुणा करूं नयेत. जाणकाराकडून बाळबोधींत लिप्यंतर करून तें मूळास जोडावें व तो जाणकार जरूर पडल्यास साक्षीस येईल असें पाहावें.

साधा कागदावरचा, न नोंदविलेला वांटणीपत्राचा किंवा खरेदीचा दस्त मालकी शाबीत करण्यास चालत नाहीं. ताबा केव्हांपासून व कसा, अशा आनुषंगिक गोष्टीपुरता तो कधीं कामीं येतो. मुद्रांक कमी असल्यास कमी शुल्क व दंड भरल्याशिवाय तो पुराव्यांतच येत नाहीं. हें ऐन सुनावणीच्या दिवशीं कळण्यापेक्षां आधीं कळलेलें बरें.

ताब्याचा पुरावा हा मालकीच्या पुराव्याहून निराळा. तो एका मोठ्या कागदांत नसतो, लहान लहान गोष्टींत असतो. पीकपाहणीची नोंद यांत मुख्य. २०२१ सालापासून ई-पीक पाहणींत खातेदारास स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवितां येतें. ज्यांचें नांव दप्तरीं आहे त्यांनीं ही नोंद एकाहि हंगामांत चुकवूं नये. बियाण्याची व खताची पावती, गव्यांनीं पीक तुडविल्यावर वनखात्यानें केलेला पंचनामा, नुकसानभरपाईचा कागद, हे सर्व त्या सालीं तेथें कोणी पेरलें होतें हें सांगतात. असे कागद दाव्यासाठीं म्हणून तयार केलेले नसतात, म्हणूनच त्यांस वजन असतें.

छायाचित्रांविषयीं दोन शब्द. मोबाईलमधील चित्र कोर्टांत द्यावयाचें तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें ठराविक नमुन्यांतील प्रमाणपत्र जोडावें लागतें. मूळ फाईल तशीच ठेवावी. कापाकापी करूं नये, व मोबाईल विकूं नये. चित्रांत ओळखीची खूण असावी, जसें विहीर, देवळाचा कळस, किंवा बांधावरचें झाड. नुसतें हिरवें शेत कोणाचेंहि असूं शकतें.

हद्दीचा वाद असेल तर तोंडी साक्षीपेक्षां मोजणी श्रेष्ठ. कोर्टास अर्ज केल्यास कमिशनर नेमून मोजणी करवितां येते. पण ताबा कोणाचा आहे हें शोधून काढण्यासाठीं कमिशनर सहसा मिळत नाहीं. तें काम पक्षकारानें आपल्या पुराव्यानें करावयाचें असतें. मोजणीच्या दिवशीं स्वतः हजर राहावें, खुणा दाखवाव्या, आणि अहवाल मान्य नसल्यास वेळींच हरकत लिहून द्यावी.

गांवकरपणाचा व हिश्शाचा प्रश्न आला म्हणजे वंशावळ लागते. येथें एक नियम ध्यानांत धरण्यासारखा आहे. मयत झालेल्या नातलगानें नात्याविषयीं केलेलें विधान पुराव्यांत येऊं शकतें, परंतु तें तंटा उत्पन्न होण्यापूर्वीं केलेलें असलें पाहिजे. वाद लागल्यावर लिहून काढलेली वंशावळ ही केवळ वादीचें म्हणणें होय. म्हणून जुन्या वारसनोंदी, वांटण्यांच्या याद्या, देवस्थानच्या मानपानाच्या जुन्या वह्या, यांत आपल्या घराण्याचीं नांवें कोठें आहेत तें आजच पाहून ठेवावें. आणि वृद्ध मंडळी हयात आहेत तोंवर त्यांस विचारून घ्यावें.

साक्षीदार निवडतांना संख्या पाहूं नये. ज्यानें स्वतः पाहिलें तोच साक्षीदार. शेजारच्या बांधाचा धनी, ज्याचा या वादांत लाभ नाहीं, तो चार भाऊबंदांहून भारी. हल्लीं साक्षीदाराचा सरतपास बहुधा प्रतिज्ञापत्रावर होतो. म्हणून वकिलानें लिहिलेलें प्रतिज्ञापत्र सही करण्यापूर्वीं साक्षीदारास मराठींत वाचून दाखवावें. आपण सही केलेला मजकूर उलटतपासांत ठाऊक नसला तर साक्ष तेथेंच पडते. उलटतपासास तयारी म्हणजे पढविणें नव्हे. साक्षीदारास इतकेंच सांगावें : प्रश्न पुरा ऐकावा, विचारलें तेवढेंच सांगावें, आठवत नसेल तर आठवत नाहीं म्हणावें, आणि रागावूं नये.

शेवटीं मांडणी. दाव्यासोबतच कागद दाखल करावे लागतात, आणि मुद्दे निघण्यापूर्वीं मूळ हजर करावे लागतात. मागून आणलेल्या कागदास कोर्टाची परवानगी लागते. कागद सालवार लावावे, प्रत्येकास अनुक्रम द्यावा, आणि कोणता कागद कोणत्या मुद्द्यासाठीं हें समोर एका ओळींत लिहावें. प्रत्येक कागदावर 'निशाणी' पडली कीं नाहीं हें पाहावें. नुसता फाईलींत पडून राहिलेला कागद पुरावा होत नाहीं. सरकारविरुद्ध दावा असल्यास आधीं दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि महसूल अधिनियमाच्या कलम २० खालीं झालेल्या हुकुमाविरुद्ध दिवाणी कोर्टांत जाण्यास एकच वर्षाची मुदत असते. वाट किंवा पाणी कोणी अडविल्यास मामलेदार कोर्टाकडे सहा महिन्यांच्या आंत दाद मागतां येते. मुदत गेली म्हणजे उत्तम पुरावाहि पेटींतच राहतो.

आंबोलीस पावसाचा मारा किती असतो हें सांगावयास नको. पावसाळ्यांत तेथें भिंतींस ओल सुटते व कागदांस बुरशी धरते. म्हणून मृगापूर्वीं एक दिवस काढावा. कागद उन्हांत नव्हे, सावलींत वारवून घ्यावे, प्लास्टिकच्या पिशवींत कोंदून न ठेवतां पत्र्याच्या डब्यांत कोरड्या फडक्यांत बांधावे, त्यांची यादी झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावी, आणि एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. बियाणें आपण असेंच जपतों. कागद हें हक्काचें बियाणें आहे.

सामोपचारानें मिटणारा तंटा कोर्टांत नेऊं नये, हा सल्ला जुना व खरा आहे. पण तडजोड देखील ज्याच्यापाशीं पुरावा आहे त्याच्याशींच नीट होते. दोन्ही बाजूंनीं कागद पाहिले म्हणजे पुष्कळदां वादाचा अर्धा भाग आपोआप गळून पडतो, आणि उरलेला अर्धा बांधावर बसून मिटवितां येतो. आमच्या सभासदांनीं या महिन्यांत निदान एवढें करावें, कीं आपल्या खात्याचा फेरफार स्वतः वाचावा. त्यांत आपल्यास ठाऊक नसलेली एखादी ओळ निघाली, तर ती आज निघालेली बरी.