डोंगरावरचे डोळे

थंडीच्या दिवसांत रात्रीची लाईट आली की आष्ट्याच्या शिवारात मोटारी सुरू होतात. वडिलांबरोबर उसाला पाणी पाजायला तुम्ही कधी गेला आहात का? बांधावर उभं राहून मान वर केली की केवढे तारे दिसतात! आता तेच आभाळ गावात, स्टँडसमोर उभं राहून पाहा. निम्म्याहून जास्त तारे गायब! कुठे गेले बरं?

ते कुठेच गेले नाहीत, दोस्तांनो. आपल्याच दिव्यांच्या उजेडात ते लपले. म्हणून तर शास्त्रज्ञ आपल्या दुर्बिणी गावापासून दूर, डोंगरावर नेऊन बसवतात.

‘‘डोंगरावर गेलं की तारे जवळ येतात, म्हणून ना?’’ असं कुणी विचारील. छे! प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. तरी सूर्य सोडून सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला चार वर्षांहून जास्त काळ लागतो. तिथे आपल्या डोंगराची काय मिजास!

खरी अडचण आहे हवेची. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यापलीकडचं झाड थरथरताना दिसतं ना? तसंच ताऱ्याचं होतं. हलत्या हवेतून येताना त्याचा प्रकाश हेलकावे खातो. आपण म्हणतो, तारा लुकलुकतोय. आपल्याला गंमत वाटते, पण दुर्बिणीतलं चित्र मात्र पुसट होतं. उंचावर हवा विरळ असते, धूळ आणि बाष्पही कमी असतं.

आपल्या महाराष्ट्रात अशी एक मोठी दुर्बीण आहे. पुण्यापासून सुमारे 80 किलोमीटरवर, घोडेगावजवळ गिरावलीच्या डोंगरावर. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची ही वेधशाळा 2006 साली सुरू झाली. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर हे या आयुकाचे संस्थापक संचालक.

गिरावलीच्या दुर्बिणीचा आरसा 2 मीटर व्यासाचा आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. आता गणित करा : 2000 भागिले 7, आणि येईल त्याचा वर्ग. उत्तर 80 हजारांच्या वर जातं! म्हणजे तुमच्या एका डोळ्यापेक्षा तो आरसा 80 हजार पट जास्त प्रकाश गोळा करतो. पावसाचं पाणी वाटीत धरावं की हौदात, तेवढाच हा फरक.

या प्रकाशाचं करायचं काय? पाण्याच्या थेंबांतून सूर्यप्रकाशाचं इंद्रधनुष्य होतं, तसे ताऱ्याच्या प्रकाशाचे रंग उलगडायचे. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या, जणू अंगठ्याचा ठसाच! ताऱ्यात कोणतं मूलद्रव्य आहे, तो किती तापलेला आहे, आपल्याकडे येतोय की दूर पळतोय, हे सारं त्यावरून कळतं.

तुम्ही पाहता त्या कृत्तिकांचा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मसुद्धा झाला नव्हता! मृगातल्या ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक अंधूक ठिपका दिसतो. तिथे वायूच्या प्रचंड ढगात नवे तारे जन्म घेत आहेत.

महाराष्ट्राला हे वेड जुनं आहे, बरं का. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक कावसजी नेगमवाला यांची वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांनी तिला मदत केली होती. जानेवारी 1898 मध्ये नेगमवाला खग्रास सूर्यग्रहण पाहायला दुर्बिणी घेऊन सोलापूर भागातल्या जेऊरला गेले होते. ते निवृत्त झाले आणि 1912 साली ती वेधशाळा बंद पडली. तिची 20 इंची दुर्बीण तामिळनाडूतल्या कोडाईकनालला गेली. तीही डोंगरावरच!

याहून उंच वेधशाळा लडाखमध्ये हानले इथे आहे, 4500 मीटरवर. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे बघा! तिथली 2 मीटरची दुर्बीण उपग्रहामार्फत बंगळूरजवळच्या होस्कोटेहून चालवतात. पण नुसती उंची पुरत नाही. अंधारही लागतो. म्हणून 2022 साली हानलेचा परिसर ‘गडद आकाशाचं राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. गावकरी दिव्यांना आडोसा करतात, खिडक्यांना पडदे लावतात. वाघासाठी जंगल राखतात, तसा तिथे ताऱ्यांसाठी अंधार राखतात.

आपल्याकडे मात्र अंधार दरवर्षी थोडा थोडा मागे सरकतोय. मळ्यातला अंधारही एक दिवस संपेल का? ते आपल्यावर आहे. घराबाहेरच्या बल्बला वरून एक टोपी लावा. उजेड अंगणात पडेल, आभाळात जाणार नाही.

आणि हो, एक प्रयोग. अमावास्येच्या आसपास कृत्तिकांचे तारे आधी स्टँडवरून मोजा, मग मळ्यातून. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्या, बॅटरी लावू नका. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा.

बघू या, आपल्या आष्ट्याचे तारे वाढतात की कमी होतात!