दायित्व विम्याचा हप्ता : एक खुलासा

धर्मादाय रुग्णालयाने विम्याच्या हप्त्यावर पैसे का खर्चावेत, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. ती रास्तच आहे.

काही रुग्णांकडून शुल्क घेऊन इतरांवर विनामूल्य उपचार करणारे रुग्णालय ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार आपण निर्धनांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवतो. तेथील रुग्णासही दाद मागता येते, आणि ती मागता यावी, असेच माझे मत आहे. परंतु भरपाईचा आदेश झाल्यास भार आपल्याच निधीवर पडेल.

डॉक्टरांचा स्वतंत्र विमा पुरेसा नाही. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांच्या निष्काळजीपणाबद्दलही रुग्णालय उत्तरदायी ठरते, हे २००४ च्या सविता गर्ग निकालाने स्पष्ट झाले. शिवाय अशी पॉलिसी सहसा दावा दाखल होताना चालू असावी लागते. एक नूतनीकरण चुकल्यास मागील वर्षांच्या उपचारांचेही संरक्षण जाऊ शकते. म्हणून इतर देणी लांबली तरी हा हप्ता आम्ही लांबवत नाही. दंड व फौजदारी जबाबदारी मात्र विम्यात येत नाही, आणि केसपेपर किंवा संमतिपत्र अपुरे असल्यास रुग्णालयाची बाजू मांडणे विमा कंपनीच्या वकिलासही कठीण जाते.