एअर गन जोडली, पण चढत नाही?

परवा करडीतल्या एका ओळखीच्या मुलानं एअर गन आणली. स्प्रिंग बदलायला घरीच उघडली होती; जोडल्यावर खटका धरेना. नळी मोडून चढवायच्या गनमध्ये ही तक्रार नेहमीची, म्हणून लिहितोय.

आधी बघून घ्या, आत छर्रा नाही ना!

१) नळी सैल मोडते, जोरच लागत नाही: नळीखालच्या दांड्याचं टोक पिस्टनच्या खाचेत बसलेलं नाही. पिस्टन फिरवून खाच सिलिंडरच्या फटीसमोर आणा.

२) जोर लागतो, पण ‘खट्’ होत नाही: नवी स्प्रिंग फार लांब असेल, तर खटका अडकायच्या आधीच तिचे वेढे एकमेकांना टेकतात. या गनमध्ये हेच निघालं.

३) छर्रा कमजोर जातो: पिस्टन आत सरकवताना फटीच्या धारेनं वॉशर कापला गेला असेल. नळीच्या सांध्यातली रिंगही तपासा. सांध्यावर टिश्यूचा तुकडा ठेवून लक्ष्यावर छर्रा मारा. तुकडा उडाला तर हवा तिथूनच जातेय.

स्प्रिंग कायम दाबाखाली असते, त्यामुळे क्लॅम्पशिवाय खोलू नका. गन चढवताना नळी सोडू नका. सिलिंडरमध्ये तेल ओतू नका. दाबानं ते पेट घेतं.

शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंचापेक्षा मोठा बोअर किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल, तर परवाना लागतो. आणि निशाणा फक्त टार्गेटवर. पाखरांवर, वानरांवर नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा एअर गनलाही लागू आहे.

तुमची गन कुठं अडतेय? मॉडेलसह कमेंटमध्ये विचारा.