शाळेतली जागा, घरचा कचरा आणि वॉर्डाची रेघ

नगरपालिका म्हटलं की आपल्याला नळ, नाली आणि कचरागाडी आठवते. मुलाला शाळेत जागा मिळाली नाही तर मात्र आपण शाळेला दोष देतो, फार तर शिक्षण विभागाला. नगरपालिकेचं नाव कुणी घेत नाही. खरं तर ही दोन्ही कामं एका धाग्याने बांधलेली आहेत. तो धागा म्हणजे आपला वॉर्ड.

2011 च्या जनगणनेत आपल्या बालाघाट शहराची लोकसंख्या सुमारे 84 हजार होती, आणि शहर 33 वॉर्डांत विभागलेलं आहे. वॉर्ड म्हणजे निवडणुकीपुरती आखलेली रेघ, असं आपल्याला वाटतं. ती रेघ किती दूरवर जाते ते पाहू.

आधी कायदा काय म्हणतो? 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी 18 विषय दिले. त्यांत घनकचरा व्यवस्थापन स्पष्ट लिहिलं आहे. शाळा चालवण्याचा वेगळा विषय नाही, शिक्षणविषयक बाबींना उत्तेजन देणं एवढाच मोघम उल्लेख आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या कलम 9 मध्ये ‘स्थानिक प्राधिकरणा’ची कर्तव्यं दिली आहेत, आणि त्या शब्दात नगरपालिकाही येते. आपल्या हद्दीतल्या 14 वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं हे त्यातलं एक. कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं, हे दुसरं.

मध्य प्रदेशात प्रत्यक्षात काय झालं? नव्वदच्या दशकात शिक्षाकर्मींच्या नेमणुका पंचायती आणि नगरीय निकायांकडे होत्या. पुढे ते अध्यापक झाले आणि 2018 मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागात घेतले गेले. म्हणजे मास्तर नगरपालिकेच्या हातून गेले. तरी प्रवेशाच्या दोन किल्ल्या तिच्या दाराशीच राहिल्या.

पहिली किल्ली समग्र आयडी. कुटुंबाचा आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी क्रमांक. शहरात याची नोंद नगरपालिकेमार्फत होते. शाळाप्रवेश असो की शिष्यवृत्ती, हा क्रमांक मागितला जातोच. गोंदियाकडून मजुरीला आलेल्या कुटुंबाकडे तो नसतो, आणि तिथेच गाडी अडते.

दुसरी किल्ली वॉर्ड. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12 नुसार विनाअनुदानित खाजगी शाळांना सुरुवातीच्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. फी शासन भरतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागदपत्रं तपासून घ्यायची, मग लॉटरी निघते. पण ही लॉटरी सरसकट नसते. ‘शेजारची शाळा’ हे कायद्याचं तत्त्व आहे, आणि आपल्या राज्यात शहरातला शेजार वॉर्डावरून ठरतो: आधी शाळेच्याच वॉर्डातली मुलं, मग लगतच्या वॉर्डांतली. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्या आणि पलीकडे राहणाऱ्या मुलाचं नशीब वेगळं असू शकतं. अर्जात वॉर्ड चुकला तर जागा हातची गेलीच समजा.

आपल्यासारख्या संस्थेत शिकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, म्हणजे 25 टक्क्यांची अटही नाही. ख्रिस्ती संस्थांच्या शाळा यातच येतात. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने या निकालाबद्दल शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. सूट घेणं कायदेशीर आहे. पण वॉर्डातल्या गरीब घरच्या मुलासाठी तेवढ्या जागा कमी होतात, हेही तितकंच खरं.

आता कचरा. मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातच तीन भाग करायला सांगितलं होतं: ओला, सुका आणि घातक. भाजीची देठं, शिळं अन्न ओल्यात. कागद, प्लास्टिक, काच, पत्रा सुक्यात. जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं तिसऱ्यात. ते नियम पाळून घेणं, उपविधी करणं, शुल्क आणि दंड ठरवणं हे काम परिषदेचं होतं. वेगळं करण्याचं कारण साधं आहे. वरणाने भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही, आणि प्लास्टिक मिसळलेल्या ओल्या कचऱ्याचं चांगलं खत होत नाही. सगळं एकत्र केलं की दोन्हींची माती होते.

आता हे सगळं शाळेशी कसं जुळतं? त्यासाठी पुण्याचं उदाहरण घेऊ. 1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या. त्यांच्या ध्यानात आलं की नुसती पाटी देऊन भागणार नाही. आईला वेगळा केलेला सुका कचरा थेट दारातून मिळाला, तर तिची कमाई वाढते, उकिरड्यावरचे तास कमी होतात आणि मुलाला सोबत न्यावं लागत नाही. त्यातून 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था महापालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करू लागली. हे मोठ्याच शहरात जमतं असंही नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये अंबिकापूरला बचत गटांच्या महिला कचरा गोळा करून त्याची वर्गवारी करतात.

म्हणजे आपण घरात दोन डबे ठेवतो तेव्हा कुणाच्या तरी मुलाच्या शाळेची वाट थोडी मोकळी होते. बाकीची वाट नगरपालिकेने मोकळी करायची. कचरागाडी रोज घरोघर जाते, तिला प्रत्येक गल्ली माहीत आहे. मग शाळेबाहेरच्या मुलांची यादी घरोघर का होत नाही, हा प्रश्न आपण पार्षदांना विचारायला हवा.

सुट्टीत एवढं करा. आपल्या वॉर्डाचा क्रमांक नक्की करून घ्या. गल्लीतल्या ज्या मुलांची समग्र नोंद नाही, त्यांच्या आईवडिलांसोबत नगरपालिकेत जा. प्रवेशाचे अर्ज सुटतील तेव्हा एका घरचा अर्ज भरून द्या. हिंदी फॉर्म वाचून तो मराठीत समजावून सांगणं आपल्याला सहज जमतं. वाङ्मय मंडळाच्या सभासदांनी ते करायलाच हवं.