कारखान्याचें मत्स्यालय

कळंबा तलावानें कोल्हापूरकरांच्या कित्येक पिढ्यांना पाणी पाजलें. परंतु पाण्याखालचें जग कांठावरून दिसत नाहीं. तें दाखविण्यास मत्स्यालय हवें, आणि त्यासाठीं नवी इमारतच हवी असें नाहीं.

अमेरिकेंत मॉन्टेरे येथें सार्डिन माशांचा सुकाळ सरला आणि मासे डब्यांत भरणारा हॉव्हडेन कारखाना १९७३ सालीं बंद पडला. त्याच जागीं १९८४ सालीं मत्स्यालय उघडलें. जीर्ण भाग पाडून जुन्याच घाटाचें बांधकाम केलें. बॉयलर मात्र राखले. समुद्राचें पाणी दिवसा गाळून घेतात, म्हणजे प्रेक्षकांस स्पष्ट दिसतें. रात्रीं न गाळतां घेतात, म्हणजे त्यांतील सूक्ष्म जीव टाक्यांतील प्राण्यांचें अन्न होतात.

कोल्हापुरांत १९०६ सालीं स्थापन झालेल्या शाहू मिलचीं चाकेंही थांबलीं आहेत. अशा वास्तूंत मत्स्यालय करावयाचें तर प्रथम भाराचा हिशेब हवा : १ घनमीटर पाण्याचें वजन १,००० किलो भरतें. दुसरी गोष्ट, माशांच्या उत्सर्गांतील अमोनिया विषारी असतो. त्याचें नायट्रेट बनविणारे जंतू गाळणींत आधीं वाढवावे लागतात. त्यांत कित्येक आठवडे जातात. घाई केल्यास मासे मरतात. गोडें पाणी लोखंडाला खाऱ्याइतकें खात नाहीं, ही जमेची बाजू. मात्र तलावाच्या पाण्यावर पहिला हक्क तहानेचा. म्हणून टाकींतील पाणी गाळून पुन्हां पुन्हां फिरविणें, हेंच येथें योग्य.