घरबसल्या काम : खरे कसे ओळखावे?



सुगी आटोपली, हात जरा मोकळे झाले, की चार पैसे मिळवून देणारे एखादे काम घरीच मिळाले तर किती बरे, असा विचार कुणाच्या मनात येत नाही? घरात म्हातारी माणसे, मांडीवर मूल, शहर लांब. अशा वेळी हातातल्या मोबाइलवर निरोप येतो : "घरबसल्या काम करा, रोज दोन-तीन हजार मिळवा, शिक्षणाची अट नाही." वाचून जीव हरखतो. असा निरोप खरा की खोटा, हे कसे पारखावे, एवढेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

घरी बसून काम करणे ही मुळात लबाडी नव्हे, आणि नवीन गोष्टही नव्हे. सोलापुरातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळत आल्या. तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणायचा, विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या आणि हजारामागे ठरलेली मजुरी घ्यायची. काम कष्टाचे, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाणारी आणि मजुरीही बेताची. पण व्यवहार उघड्यावरचा. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तर घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले.

दुसरे उदाहरण लिज्जत पापडाचे. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे त्यातून मोठी संस्था उभी राहिली. बहिणींनी मळलेले पीठ केंद्रावरून घरी न्यायचे, पापड लाटून वाळवायचे, परत आणून द्यायचे, आणि तपासणी व वजन झाले की मजुरी घ्यायची, अशी तिथली रीत.

आता या दोन्ही कामांत सारखे काय आहे ते पाहा. काम देणारा कोण आणि कुठे बसतो, हे ठाऊक आहे. काम मोजता येते. आणि पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे येतो. भामटा नेमकी ही शेवटची गोष्ट उलटी करतो. तो काम देतो म्हणतो आणि पैसा तुमच्याकडून मागतो.

त्याचे ठरलेले डाव थोडक्यात सांगतो.

पहिला डाव पेन्सिली भरण्याचा. एखाद्या नामांकित कंपनीचे नाव घेऊन सांगतात, "घरी पेन्सिली डब्यांत भरा, महिन्याला तीस हजार." आधी नोंदणीसाठी पाचसहाशे रुपये मागतात. ते दिले की ओळखपत्राचे, मग माल पाठवण्याचे, मग कराचे. माल मात्र येत नाही. जरा विचार करा. कारखान्यात यंत्रावर भरता येणाऱ्या पेन्सिली गावोगाव पाठवायच्या आणि पुन्हा गोळा करायच्या, तर तो खर्च कंपनीला परवडेल काय?

दुसरा डाव 'टास्क'चा. मोबाइलवरची चित्रफीत पाहून पसंतीची खूण करा, दर खुणेला पन्नास रुपये. यात पहिले शंभर-दोनशे रुपये खरोखरच खात्यावर जमा होतात. हे गळाला लावलेले गांडूळ आहे, बरे का! मग तुम्हांला एका गटात घेतात. तिथे पाचपन्नास जण "मला इतके मिळाले, मला तितके मिळाले" म्हणून सांगत असतात. ते सारे त्याच टोळीचे. पुढे "मोठ्या कामासाठी आधी पैसे भरा" म्हणतात. पडद्यावर तुमच्या नावापुढे आकडा वाढत जातो, आणि काढायला गेलात की आधी कर भरा म्हणतात. पडद्यावरचा आकडा म्हणजे पैसा नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा प्रकारची शंभराहून अधिक संकेतस्थळे एकदम बंद केली. पण एक बंद झाले की भामटे दुसरे उघडतात.

तिसरा डाव टंकलेखनाचा. शेकडो पाने उतरवून द्यायला सांगतात आणि करारावर सही घेतात. काम पुरे झाले की म्हणतात, चुका फार आहेत, आता दंड भरा. पाठोपाठ वकिलाच्या नावाने खोटी नोटीस येते, अटकेची धमकी येते. घाबरू नका आणि पैसे भरू नका. ती नोटीस घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जा.

चौथा डाव यंत्राचा. "अगरबत्तीचे यंत्र आमच्याकडूनच घ्या, तयार माल आम्हीच विकत घेऊ." यंत्र दुप्पट किमतीला गळ्यात पडते आणि माल घ्यायला कुणी फिरकत नाही. शिलाईयंत्र जरूर घ्या, पण आपल्या पसंतीच्या दुकानातून, आणि आधी गिऱ्हाईक कोण ते पाहून.

पाचवा डाव सर्वांत वाईट. "तुमचे बँकखाते वापरायला द्या, आलेली रक्कम पुढे पाठवा, टक्केवारी घ्या." ती रक्कम दुसऱ्या कुणा गरिबाची लुटलेली असते. खाते गोठते आणि पोलीस तुमच्या दारी येतात.

मग पारख कशी करावी? काम मिळण्याआधी पैसे मागितले, की तिथेच थांबा. मजुरी कामाच्या मानाने फार मोठी असेल, तर संशय घ्या. कंपनीचे नाव मोठे असले तरी निरोपातल्या नंबरावर चौकशी करू नका. कंपनीचा नंबर स्वतंत्रपणे शोधून विचारा. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.

खरे काम शोधायचे तर बचत गटात विचारा. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि 'उमेद' अभियान यांचे गट बायकांना हे मार्ग दाखवतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय करिअर सेवेत नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. शिवणकाम, पापड-लोणची, मुलांची शिकवणी, मराठीत टंकलेखन वा भाषांतर, ही खरी कामे आहेत. त्यांत पैसा हळूहळू मिळतो आणि गिऱ्हाईक जोडावे लागते.

एवढे करूनही फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका. भामट्याचे अर्धे बळ आपल्या लाजेत असते. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसा या खात्यातून त्या खात्यात पळवला जातो. तो बाहेर काढला जाण्याआधी कळवले, तर वाटेत अडवता येतो. तिथे तासा-तासाला किंमत आहे. निरोप, नंबर, पावत्या पुसू नका. तोच पुरावा. सूनबाईने पैसे घालवले तर घरच्यांनी तिच्यावर आरडाओरडा करू नये. आधी फोन लावावा.

गुरुजनांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत असा एखादा निरोप मोठ्याने वाचून दाखवा आणि एकच प्रश्न विचारा : "यात पैसा कोण कुणाला देतो आहे?" उत्तर मुलेसुद्धा देतील, आणि घरी जाऊन आईलाही सांगतील.